बाळाचं खुराडं

सुभद्रेचं पहिलं मूल तापाने गेलं नाही की दृष्टीने गेलं नाही. गुडघाभर पाण्यात गेलं.

मालवणच्या उत्तरेला खाडीकाठी माडांची वाडी, तिथे तिचं सासर. घरामागे परड्यात विहीर आणि विहिरीला लागून पाणी साठवायची, गुडघाभर खोल दगडी दोण. लाटेने, म्हणजे उपशाच्या आडव्या लाकडाने, काढलेलं पाणी आधी दोणीत पडायचं आणि तिथून पाटाने माडांच्या मुळांना जायचं. त्या दिवशी सुभद्रा अंगणात भात उकडत होती. हंड्याखालचा जाळ सोडून हलता येण्यासारखं नव्हतं, म्हणून नुकती रांगायला लागलेली सीता तिने सासूच्या मांडीवर दिली. पडवीत वारा छान लागत होता. हौसाबाईंचा डोळा लागला. जाग आली तेव्हा मांडी रिकामी होती.

वाडीतल्या बाया धावत आल्या, रडल्या. हौसाबाईंनी ऊर बडवून घेतला. "तेवढांच आयुष्य घेवन इलां होतां चेडू," असं कुणीतरी म्हणालं, आणि ते बोलणं सगळ्यांनी उचललं. सुभद्राही तेच म्हणाली. सासूला बोल लावावा असं तिच्या मनात आलंच नाही, असं नाही. पण म्हातारं माणूस, दुपारची वेळ; झोप कुणालाही लागते, एवढं तिला कळत होतं. नवरा लवू बोटीवर खलाशी. त्याला बातमी कळून तो आगबोटीने मालवण बंदरात उतरला, तोवर सुतक फिटून घर मार्गाला लागलं होतं. तो आईच्या गळ्यात पडून रडला. बायकोजवळ त्याने काही विचारलं नाही.

पुढे चौपन्न साली गुरुदास झाला. गुटगुटीत पोर. तो पालथा पडला तेव्हा घरात आनंद झाला, पण पोट ओढत पुढे सरकायला लागला तशी सुभद्रा त्याच्यामागे धावायला लागली. पोराची नजर नेहमी उजेडाकडे, आणि उजेड परड्याच्या दाराकडून यायचा. दाराला फळी आडवी लावली तर तो चुलीकडे वळायचा. चुलीकडून उचलून आणला की पडवीच्या कडेला. सुभद्रेला पाणी भरायचं असे, गुरांचं करायचं असे, भाताचा तरवा लावायच्या दिवसांत शेतावरही जायचं असे. एका हाताने कामं आणि एका डोळ्याने पोर, असं किती दिवस चालणार!

हौसाबाईंनी त्यावर जुना उपाय काढला. फाटक्या लुगड्याची पट्टी पोराच्या कमरेला बांधली आणि दुसरं टोक खांबाला. सगळ्या वाडीत तसंच करत. दोन दिवस बरं गेलं. मग एकदा सुभद्रा विहिरीवरून आली तर गुरुदास खांबाभोवती फिरफिरून गुंडाळला गेलेला, पट्टी कमरेवरून सरकून काखेपर्यंत आलेली, तोंड लालबुंद. आणखी एक फेरा झाला असता तर पट्टी गळ्याशी आली असती. तिने ती कोयत्याने कापली आणि पोराला छातीशी धरून तिथेच बसून राहिली.

तेव्हा तिला मुंबईची आठवण झाली. लग्नाआधी ती काही वर्षं सावित्रीमावशीजवळ होती. मावशी एका पारशी कुटुंबात आया. त्यांच्या दिवाणखान्यात बाळासाठी लाकडी चौकट होती. चारी बाजूंनी गुळगुळीत दांड्या, आत मऊ गोधडी आणि खेळणी. बाळ आत बसे आणि घर आपल्या कामाला लागे. लहान सुभद्रेला त्या चौकटीचं मोठं अप्रूप वाटे. पण दुसरीही गोष्ट तिला आठवत होती. बाईसाहेब बाहेर गेल्या की मावशी इतर कामांना लागे आणि मूल तासन्‌तास आतच राही. आधी रडे, मग दांड्या धरून हाका मारी, आणि शेवटी गप्प होऊन आढ्याकडे बघत पडे. ते गप्प होणं तिला तेव्हाही आवडलं नव्हतं.

म्हणून ती बरेच दिवस घुटमळत राहिली. पोराला कोंडायचं? आपल्याच पोराला? रात्री त्याला कुशीत घेतलं की वाटे, नको. सकाळी दोणीत पडणाऱ्या पाण्याचा आवाज आला की वाटे, उद्याची वाट कशाला बघायची? शेवटी एकदा जेवताना तिने सासूजवळ विषय काढला.

"खुराडां?" हौसाबाईंचा घास हातातच राहिला. "आमच्या घराण्यात पोरांका खुराड्यात घालूची पद्धत नाय गो. कोंबयेक घालतत खुराड्यात!"

"खुराडां नाय, आये. दांड्यांची वय, कुंपणासारखी. मी चुलीकडे, नायतर बावीर पाणी काढूक असतंय तेवढ्याच वेळाक."

"आणि मी मरान गेलंय? मी आसंय मां बघूक!"

यावर जे उत्तर होतं ते सुभद्रेच्या ओठांपर्यंत आलं. तिने ते भाताबरोबर गिळलं. पण सासूच्या त्याच वाक्याने तिचा निर्णय झाला. दुसऱ्या दिवशी ती दाजी मेस्ताच्या दारात उभी राहिली.

दाजी वाडीतला सुतार. होड्यांच्या डागडुजीपासून देवाच्या पालखीपर्यंत सगळं करायचा. तिचं सांगणं ऐकून त्याने रंधा बाजूला ठेवला. "आजवर असां काय करूक माका कोणी सांगूक नाय. पोरग्याक वासरासारख्या कोंडतलंस?"

"दांड्यांमधी तेचां डोक्यां अडाकता नये," ती म्हणाली. "आणि कुसां काढून गुळगुळीत करा. तो सगळां तोंडात घालता."

दाजी तिच्याकडे बघत राहिला. सीतेला पोहोचवायला तोही गेला होता. "बाय, लोक हसतले," एवढंच तो म्हणाला.

"हसांदेत."

फणसाच्या उरलेल्या लाकडाची पिवळीधमक चौकट त्याने आठवड्याभरात आणून माजघरात ठेवली. सुभद्रेने आत गोधडी घातली, करवंट्या टाकल्या, एक लाकडी डाव टाकला, आणि गुरुदासला उचलून आत ठेवलं. त्याने असा काही टाहो फोडला की शेजारपाजारच्या बाया जमल्या. "बघा गो, सुभद्रेन कोंबो पाळल्यान!" असं म्हणत हसल्या. सुभद्रा त्यांच्याकडे पाठ करून चुलीशी बसली. भाकरी थापताना तिचे डोळे वाहत होते, पण तिने पोराला बाहेर काढलं नाही. भाकऱ्या झाल्या आणि मगच काढलं. हा नियम तिने स्वतःला घालून घेतला होता: हातातलं काम संपलं की पोर बाहेर, क्षणभरही जास्त नाही. मुंबईचं ते आढ्याकडे बघत पडलेलं मूल ती विसरली नव्हती.

चार-सहा दिवसांत गुरुदास रुळला. करवंट्या आपटायचा, दांड्यांतून हात काढून मांजराची शेपटी धरायचा. आणि एके सकाळी सुभद्रा मागे वळून बघते तर पोर दोन दांड्या धरून उभं! पाय थरथरत होते, तोंडात एकुलता दात चमकत होता. त्याच्या बरोबरीची मुलं अजून बुडावर सरकत होती. पुढे पुढे तो दांडी दांडी धरत चौकटीत गोल फेऱ्या मारायला लागला. सुभद्रेचा जीव कधी नव्हे तो थाऱ्यावर आला. माणसाने उगीच भ्यावं, असं तिला त्या दिवसांत वाटलं. ते दिवस फार टिकले नाहीत.

श्रावणात पोराला ताप आला. अंग निखाऱ्यासारखं. काढे झाले, अंगारा झाला. ताप उतरला तेव्हा घराने सुस्कारा सोडला. पण आंघोळ घालायला घेतलं तर उजवा पाय ओल्या फडक्यासारखा लोंबत होता. उभं केलं की तो पाय दुमडायचा आणि पोर कोसळायचं.

सुभद्रा त्याला खांद्यावर टाकून होडीच्या तरीतून खाडी उतरली आणि चालत मालवणच्या डॉक्टरांकडे गेली. एकटीच गेली. हौसाबाई तेव्हा देवळात कौल लावायला गेल्या होत्या. डॉक्टरांनी पाय हलवून बघितला, गुडघ्यावर टिचकी मारली. मग म्हणाले, "ह्याला पोलिओ म्हणतात, बाई. तापातून होतो. गेलेलं बळ सगळं परत येईल असं मी सांगत नाही. रोज तेल लावून चोळत जा."

सुभद्रेने घसा साफ केला. साहेबासमोर बोलायची मराठी तिने मुंबईहून आणली होती, ती आठवून आठवून ती बोलली. "डॉक्टर, मी ह्याला लाकडी चौकटीत ठेवत होते. त्यानं तर झालं नाही ना?"

"छे! त्याचा काय संबंध? मोकळा असता तरी झालं असतं. दांड्या धरून उभा राहायचा म्हणता ना, मग ते चांगलंच होतं."

हे शब्द तिने वाटभर घोकत आणले, सांडू नयेत अशा जपून. घरी आली तर पडवीत बाया बसलेल्या आणि मध्ये हौसाबाई. देवाचा कौल झाला होता. देवाने काय सांगितलं ते नीट कुणालाच कळलं नव्हतं, पण हौसाबाईंना कळलं होतं. "कोंडलेला आसा, असां सांगल्यान देवान! पोराचो पाय कोंडून मारल्यान हिनी!"

सुभद्रेने डॉक्टरांचं सगळं बोलणं सांगितलं. ताप, पोलिओ, मोकळा असता तरी.

"डाक्तर काय हंय बघूक बसलो होतो?" हौसाबाई म्हणाल्या. बायांनी माना डोलावल्या. ताप कुणाला येत नाही? सगळ्यांच्या पोरांना येतो. खुराड्यात मात्र एकच पोर होतं, आणि पाय त्याचाच गेला होता. एवढं सरळ गणित वाडीला समजत होतं.

लवू आला तो नारळी पौर्णिमा उलटून गेल्यावर. त्याने पोराचा पाय हातात घेतला, सोडला, पुन्हा घेतला. मग उठून त्याने कोयता काढला आणि माजघरातली चौकट परड्यात नेऊन फोडली. बायकोला विचारलं नाही. दांड्या चांगल्या वाळलेल्या होत्या. हौसाबाईंनी त्या न्हाणीच्या चुलीत सारल्या आणि त्या संध्याकाळी तापलेल्या पाण्याने सुभद्रेने गुरुदासला आंघोळ घातली.

जेवणं झाल्यावर लवू म्हणाला, "तू तेका कोंडलं नसतंस तर…"

इतके दिवस गिळलेलं तेव्हा वर आलं. "आणि सीताक कोणी कोंडल्यान होतां? ती मोकळीच होती मां?"

हौसाबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, त्यांनी पदर तोंडावर ओढला. लवूचा हात उठला, पण मारलं नाही त्याने. "आवशीक बोलूचा नाय," तो म्हणाला. "पुन्हा बोललंस तर ह्या घरात रवाचा नाय."

सुभद्रा पुन्हा बोलली नाही. सासूच्या हातून पोर गेलं तर ते त्याचं आयुष्य. आईच्या हातून पाय गेला तर ते आईचं कर्म. असा न्याय तिला मिळाला आणि तो घेऊन ती राहिली. रोज सकाळी उंडीचं तेल कोमट करून ती पोराचा पाय चोळायची, मांडीपासून घोट्यापर्यंत, हात भरून येईपर्यंत. पाय बारीकच राहिला, पण गुरुदास काठी टेकत चालायला लागला. हौसाबाईंचा त्याच्यावर फार जीव. त्याला मांडीवर घेऊन, केसांतून हात फिरवत, त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या, "माझ्या सोन्यासारख्या पोराचां आवशीनच वाटोळां केल्यान." पोर ते ऐकत मोठं होत होतं.

गुरुदास पाचेक वर्षांचा असताना शेजारच्या रुक्मिणीच्या मुलाला ताप आला. ताप उतरला आणि डावा पाय लुळा पडला. सुभद्रेला हे कळलं तेव्हा ती मासे साफ करत होती. तिच्या मनात पहिलं जे आलं ते दुःख नव्हतं. आनंद होता. ह्या पोराला तर कुणी कोंडलं नव्हतं! हात तसेच खवल्यांनी भरलेले घेऊन ती उठली आणि दोन घरांमधल्या केवड्याच्या वयीपर्यंत, कुंपणापर्यंत, धावत गेली. तिथे मात्र तिचे पाय थांबले. आपण कशासाठी धावतो आहोत ते तिचं तिलाच दिसलं. तिची तिलाच शरम वाटली. परत येऊन तिने हात धुतले, तेलाची बाटली घेतली, आणि मग गेली.

रुक्मिणी दारातच उभी होती. "तुझो गुरुदास ह्येच्यावांगडा खेळा होतो," ती म्हणाली. "तुमच्या घरचांच लागलां ह्येका." आणि दार लावून घेतलं.

पण आठवड्याने तीच परड्याच्या बाजूने आली. मालवणचा तो डॉक्टर कुठे बसतो, म्हणाली. सुभद्रा तिच्याबरोबर गेली. रस्ताभर मूल आळीपाळीने दोघींनी घेतलं. डॉक्टरांनी तेच सांगितलं, जवळजवळ त्याच शब्दांत. बाहेर येऊन रुक्मिणी पायरीवर बसली आणि तिने सुभद्रेचा हात घट्ट धरला. "तुझी कायच चूक नव्हती गो," ती म्हणाली. इतक्या वर्षांत हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी बोललं होतं. सुभद्रा तिथे भर रस्त्यात रडली.

खाडी उतरताना रुक्मिणी हळूच म्हणाली, "सुभद्रे, मी तुझ्यावांगडा इलंय ता कोणाक सांगा नको."

सुभद्रेने सांगितलं नाही. रुक्मिणी सांगेल असं मात्र तिला वाटत राहिलं. आज नाही तर उद्या, कधीतरी बायांत बसली असताना. मग एकदा वाडीच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीवर सगळ्या असताना हौसाबाईंनी कुणा माहेरवाशिणीला खुराड्याची गोष्ट पहिल्यापासून ऐकवली. सुभद्रेने रुक्मिणीकडे बघितलं. रुक्मिणी कळशी भरत होती. कळशी भरून वाहायला लागली तरी तिने मान वर केली नाही. मग चुंबळ डोक्यावर ठेवून, कळशी उचलून ती निघून गेली. पुढे दोघी एकमेकींना चुकवून पाण्याला जाऊ लागल्या.

गुरुदास अकरा-बारा वर्षांचा झाला. शिमग्यात पोरं माडाखाली होळीभोवती पळत होती, तो काठी टाकून त्यांच्यात घुसला आणि पडला. कुणीतरी "खुराड्यातलो कोंबो" म्हणून ओरडलं. घरी येऊन तो आईसमोर उभा राहिला. गुडघा सोललेला होता, पण रडत नव्हता.

"आजयेन सांगल्यान माका. तू माका खुराड्यात घातलंस, म्हणान माझो पाय असो झालो. खरां काय?"

आतल्या खोलीत हौसाबाई पडल्या होत्या. त्यांना आता दिसत नव्हतं. गुरुदासच त्यांना हाताला धरून न्यायचा, गुरुदासच भरवायचा. सुभद्रेने आत बघितलं, मुलाकडे बघितलं. पाठांतरासारखं सगळं तिच्याजवळ होतं: ताप, पोलिओ, दोण, सीता. पण ऐकायला समोर जे पोर उभं होतं ते आधीच ठरवून आलं होतं.

"व्हय," ती म्हणाली.

पोराला बहुधा ‘नाही’ ऐकायचं होतं. तो वळून आजीजवळ जाऊन बसला.

हौसाबाई त्यानंतर दोन पावसाळे काढून गेल्या. शेवटी शेवटी त्यांचं भान सुटलं होतं. दुपारच्या वेळी, वारा सुटला की त्या एकदम उठून बसायच्या आणि मांडी चाचपायच्या. "चेडू खंय गेलां गो? दोणीकडे बघ. आधी दोणीकडे बघ!" पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा सुभद्रा उंबऱ्यातच बसली. म्हणजे म्हातारी विसरली नव्हती. एक दिवसही विसरली नव्हती. तो भार स्वतःला पेलला नाही म्हणून तिने वर्षानुवर्षं सुनेच्या डोक्यावर दुसरा रचला होता. हे कळून सुभद्रेचा राग गेला असं नाही. पण हाक पुन्हा पुन्हा येत राहिली तेव्हा ती जवळ गेली आणि म्हणाली, "हंयच आसा, आये. निजलां हा." म्हातारी आडवी झाली.

गुरुदास शिवणकाम शिकायला कसालला एका शिंप्याकडे राहिला. हात चांगला चालला. पायाचं दुखणं वाढलं म्हणून कुणी सांगितल्यावरून तो कणकवलीला एका डॉक्टरला दाखवून आला. एकोणसत्तरच्या चतुर्थीला घरी आला तेव्हा जेवता जेवता म्हणाला, "थंयलो डाक्तर म्हणालो, ह्यो तापाचो आजार. कोंडल्यान असो पाय जाणा नाय."

"म्हायत आसा माका," सुभद्रा म्हणाली.

त्याचा हात थांबला. "मगे तेव्हा व्हय कित्याक म्हटलंस?"

"नाय म्हटलां असतां तर खरां वाटलां असतां तुका?"

लवू तेव्हा बोटीवरचं काम सोडून कायमचा घरी आला होता; पडवीत बसून जाळं सांधत होता. मधलं दार उघडं होतं. त्याने ऐकलं असणार. त्याची सुई थांबली नाही.

गुरुदासने ताटातला भात कालवला, दोन घास खाल्ले. मग आईकडे न बघता म्हणाला, "तरीपण आये, कोंडूक नको होतां गो."

सुभद्रेने त्याच्या ताटात आणखी एक डाव वालीची भाजी वाढली आणि उद्याची एसटी किती वाजता आहे ते विचारलं.